‘बियाण्याचं औषध मातीत जातं, मधमाशीला काय त्याचं?’ असं म्हणणाऱ्यांसाठी

तो मेसेज परत फिरायला लागलाय. थोडक्यात असा: बीजप्रक्रियेचं औषध (पेरणीआधी बियाण्याला लावतात ते कीटकनाशक) बियाण्याला चिकटलेलं असतं आणि बियाणं मातीत गाडलं जातं, मधमाशीचा संबंध येतोच कुठे, मक्याला तर मधही नसतो, जर्मनीत २००८ ला झालं तो एका खराब मालाचा घोळ, औषध टेस्ट पास होऊनच बाजारात येतं, आणि उडालीच थोडी धूळ तर तेवढ्याने काय होणारे. खाली दोनेकशे लाइक. म्हटलं एकेक मुद्दा घेऊनच टाकू.

पहिलं, ‘चिकटलेलं असतं’. हाताने टोकण करत असाल तर हे बऱ्यापैकी खरंय. पण युरोप-अमेरिकेत मका पेरतात तो न्यूमॅटिक प्लँटरने, म्हणजे पंखा हवा ओढतो, त्या ओढीने दाणा फिरत्या चकतीच्या भोकाला धरून राहतो आणि जागेवर आला की सुटून खाली पडतो. या सगळ्यात दाणे एकमेकांवर आणि चकतीवर घासतात, वरचा रंगीत लेप खरवडला जातो आणि ती भुकटी पंख्याच्या तोंडातून बाहेर. दाणा मातीत जातो हो, लेपाचा भुगा हवेत जातो. अमेरिकेत तर दाणे सरकावेत म्हणून यंत्राच्या बियाण्याच्या पेटीत टाल्क, म्हणजे गुळगुळीत दगडी पावडर, घालतात, ती पावडर औषध घेऊनच बाहेर पडते. इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या लोकांनी हे वापरलेलं टाल्क तपासलं तर त्यात निओनिकोटिनॉइड (बियाण्याला लावतात त्या कीटकनाशकांचा एक गट) प्रचंड सापडलं, त्यांचा पेपर २०१२ चा आहे.

‘मक्याला मध नसतो’. बरोबर, नसतो. पण पेरणीच्या दिवशी शेतात मका असतोच कुठे? माशी त्या शेतावरून पलीकडच्या फुलांवर चाललेली असते, आणि धूळ बांधावरच्या फुलांवर, शेजारच्या मोहरीवर, फळझाडांच्या बहरावर जाऊन बसते. आणि हो, मक्याचा पराग माश्या नेतात, मध नसला म्हणून काय झालं.

आता जर्मनी. २००८ च्या वसंतात ऱ्हाईन नदीच्या वरच्या खोऱ्यात, बाडेन-व्युर्टेम्बर्गमधे, मधमाश्यांच्या साधारण ११ हजारांवर पेट्यांना फटका बसला. मेलेल्या माश्यांत क्लोथियानिडिन हे त्याच गटातलं औषध सापडलं आणि मे महिन्यातच सरकारने परवानगी स्थगित केली. लेप नीट चिकटलेला नव्हता हे तपासात निघालं, ते मेसेजवाल्याचं मान्य. पण मग इटलीत पो नदीच्या खोऱ्यात त्याच वर्षी काय झालं? तिथेही मका पेरणीच्या वेळीच माश्या मेल्या, सप्टेंबर २००८ ला तिथल्या सरकारने असं बियाणं थांबवलं, आणि पुढच्या वसंतात पेरणीच्या वेळच्या तक्रारी एकदम घटल्या. २०१२ ला कॅनडात ऑन्टारियोत परत तेच, मेलेल्या माश्यांच्या जवळजवळ ७० टक्के नमुन्यांत या गटातली औषधं. तीन देश, दोन खंड, आणि म्हणे एक खराब लॉट!

‘टेस्ट पास’ हा मला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो कारण इथेच लोक फसतात. नेहमीची संपर्क-चाचणी अशी असते की माशीला गुंगी देतात, छातीवर औषधाचा एक मायक्रोलिटरचा थेंब ठेवतात आणि ४८ तास किती मरतात ते मोजतात. दुसरी एक ह्यूबाख नावाची टेस्ट, १०० ग्रॅम बियाणं ड्रममधे फिरवायचं आणि हवेबरोबर किती धूळ फिल्टरवर आली ते वजन करायचं, जर्मनीत मक्याला एक लाख दाण्यांमागे ०.७५ ग्रॅमची मर्यादा आहे. पहिलीत माशी आहे पण धूळ नाही, दुसरीत धूळ आहे पण माशी नाही. उडत्या माशीच्या केसांना कोरडी भुकटी चिकटली तर काय, हे दोन्हीत येत नाही.

ते बघितलं इटलीतल्या पादोवा विद्यापीठाने. माश्यांना साखरपाण्याची सवय लावली आणि ते अशा जागी ठेवलं की येताजाता पेरणी चाललेल्या शेतावरून उडावं लागेल, शिवाय पिंजऱ्यातल्या माश्या चालत्या यंत्राजवळून नेल्या. एकेका माशीवर शेकडो नॅनोग्रॅम (एक नॅनोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा दहा लाखावा भाग) औषध सापडलं आणि यंत्राभोवती साधारण २० मीटर व्यासाचा विषारी ढग निघाला. गंमत पुढे आहे: भुकटी लागलेल्या माश्या दमट हवेत ठेवल्या तर पटापट मेल्या, कोरड्या हवेतल्या बऱ्याच तगल्या. कोरड्या लॅबमधे केलं असतं तर ‘काही होत नाही’ असाच निष्कर्ष निघाला असता ना.

‘तेवढ्याने काय होणारे’ याचा हिशोब करून बघा. जर्मनीतल्या त्या मक्याच्या एका दाण्यावर सव्वा मिलिग्रॅम औषध होतं. अंगाला लागून निम्म्या माश्या मरतात तो डोस माशीमागे साधारण ४४ नॅनोग्रॅम. म्हणजे एका दाण्यावरच्या औषधाचा हजारावा भाग उडाला तरी ते २८ डोस झाले, आणि एकरात दाणे किती पडतात ते शेतकऱ्याला मी काय सांगणार. पोटात गेलं तर चारेक नॅनोग्रॅमच पुरतात.

एक मात्र आहे, उलट्या बाजूचेही मेसेज फिरतात की बीजप्रक्रिया म्हणजे माश्यांचा कत्तलखानाच, तेही मला पटत नाही. लेप चांगला असेल आणि पंख्याची हवा नळीने जमिनीकडे वळवली तर धूळ बरीच कमी होते, पूर्ण थांबत नाही. आपल्याकडे कपाशीचं बियाणं हातानेच टोबतात, तिथे हा ढग उठायचा प्रश्नच नाही. आपली धूळ वेगळी होती, मिथाइल पॅराथिऑनच्या भुकटीची धुरळणी, ती २०१८ ला बंद झाली. पण आता काही ठिकाणी न्यूमॅटिक प्लँटर यायला लागलेत, आणि आपली खरीप पेरणी होते जून-जुलैच्या दमट हवेत. ओली माती धूळ दाबेलही, पण पादोवाचं वाचल्यावर दमट हवेचं काय हा प्रश्न सुटत नाही. शिवाय या चाचण्या सगळ्या युरोपियन माशीवरच्या, आपली देशी मधमाशी, सातेरी, तिच्याहून लहान आहे. पुण्याच्या मधमाशी संशोधन संस्थेने किंवा एखाद्या कृषी विद्यापीठाने प्लँटर चालू असताना सातेरीवर एकदा हे करून बघावं. तोवर यंत्र भाड्याने आणणाऱ्यांनी पंख्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे आणि पिशवीच्या तळाशी किती रंगीत भुकटी साठलीय एवढं तरी बघा, आणि ती भुकटी प्लँटरच्या पेटीत झटकू नका.