बुवा गेले, म्हणून भजन संपलं?

आज काकड्याहून आलो ते डोकं फिरवूनच. दुकान उघडलं, बंदही केलं, तरी राग उतरंना, म्हणून लिहायला बसलोय. लांबलचक होणार, आधीच सांगतो.

सप्त्याचा आज पाचवा दिवस. बुवा गेल्यानंतरचा हा पहिलाच सप्ता. त्यांच्या हाताखाली शिकलेलं पोरगं गायला उभं होतं. वीस-एकवीसचं वय, दिवसा बसस्टँडजवळ मोबाईल दुरुस्त करतं, रात्री रील टाकतं. गवळण धरली, वरच्या सुरात गेलं आणि आवाज जरा फाटला. बास. माझ्या मागं पाण्याच्या टाकीपाशी बसलेले एक रिटायर काका सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हणले, "बुवाची सर नाही. कशाला लावलंय हे उगं." आणि उठून गेले. गेले तर गेले, घरी जाऊन गावाच्या ग्रुपवर टाकलं, "बुवा गेले, भजन संपलं." दुपारपर्यंत त्याला चाळीस अंगठे. त्यातले निम्मे काकड्याला कधी उठलेले नाहीत, हे मी शपथेवर सांगतो.

मला एवढं झोंबायचं कारण वेगळं आहे. हेच वाक्य मी स्वतः म्हणलेलो आहे. लंडनमध्ये. हसू नका.

जून 2022. मृग लागलेला, दुकानात सोयाबीनच्या बॅगांसाठी रांग, आणि मी बायकोच्या भरवशावर गल्ला टाकून विमानात. भाऊ म्हणला, "पेरणीच्या तोंडावर लंडनला जाणारा परभणी जिल्ह्यातला तू पहिलाच येडा." माझं पोरगं तिकडं शिकायला होतं, त्यानं क्वीन ह्या इंग्लंडच्या रॉक बँडची तिकिटं काढून ठेवलेली. ओटू अरेना नावाच्या तिथल्या मोठ्या हॉलात त्या महिन्यात त्यांचे दहा कार्यक्रम होते, त्यातला एक.

क्वीन मला भेटली कृषी विद्यापीठाच्या होस्टेलात. रूममेटची कॅसेट होती. टेप अडकली की पेन्सिल घालून फिरवायची. त्यांचा गाणारा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे मूळचा फारोख बुलसारा, झांझिबारात जन्मलेलं पारशाचं लेकरू, आपल्या पाचगणीच्या बोर्डिंगात शिकलेलं, शाळेतच बँड काढलेलं, हे कळलं तेव्हा आमची छाती अशी फुगली जणू तो आमच्याबरोबर जिंतूरच्या एसटीनं यायचा. एड्स झाल्याचं त्यानं जगाला सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी, 24 नोव्हेंबर 1991ला गेला. पंचेचाळीस वर्षांचा होता. बातमी आमच्यापर्यंत पोचली तेव्हा रूममेट दोन दिवस मेसला आला नाही.

तर अशा माणसाच्या जागी ओटूत कोण? अ‍ॅडम लॅम्बर्ट. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतनं आलेलं अमेरिकन पोरगं, तिथंही दुसरं आलेलं. नखरे, चमचम. मी पोराच्या कानात म्हणलो, "काय नाटकी गायलंय हे. फ्रेडीची सर नाही." शब्दाला शब्द तेच! टाकीपाशी बसलेल्या काकांत आणि माझ्यात फरक एवढाच की माझी जागा महाग होती.

पोरगं म्हणलं, "पप्पा, त्याच्याकडं नका बघू. म्हाताऱ्यांकडं बघा."

बघितलं. ड्रमवर रॉजर टेलर, 72 वर्षांचा. गिटारवर ब्रायन मे, 74 वर्षांचा, डोक्यावर पांढऱ्या कुरळ्या केसांचं टोपलं. ह्या माणसानं पोरवयात बापाला हाताशी घेऊन जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातनं गिटार घडवली, आणि अजून तीच वाजवतो, तीही सहा पेनीच्या जुन्या नाण्यानं. मधेच तो एकटाच पुढं येऊन बसला, साधी गिटार घेऊन. फ्रेडीनं लिहिलेलं प्रेमाचं गाणं. पब्लिक गायलं, हा नुसती साथ करत होता. शेवटाला पडद्यावर फ्रेडी आला, जुन्या शूटिंगमधला, आणि राहिलेल्या ओळी त्यानं म्हणल्या. सगळं पब्लिक पडद्याकडं. मी म्हाताऱ्याचा हात बघत होतो. फ्रेडी जिथं श्वास घेणार, तिथं तो हात थांबत होता. एवढ्या वर्षांनी, पडद्यावरच्या माणसासाठी.

मला रडू आलं. पोरानं बघून न बघितल्यासारखं केलं.

आता सांगा, ह्या माणसाला "फ्रेडी गेला, बंद करा" म्हणायचा हक्क मला कुणी दिला? मी कोण? कॅसेट ऐकलेला, तीही दुसऱ्याची! त्यांचा बास गिटार वाजवणारा जॉन डिकन 1997ला बाजूला झाला, परत आला नाही. बरोबर आहे त्याचं. 1980ला लेड झेपेलिनचा ड्रमर जॉन बोनम गेला, त्यांनी बँडच थांबवला. त्याच वर्षी फेब्रुवारीत एसी/डीसी बँडचा गाणारा बॉन स्कॉट गेला, त्यांनी ब्रायन जॉन्सनला घेतलं आणि जुलैत नवा अल्बम बाजारात. दोघांचंही बरोबर, कारण दोघांनी आपलं आपण ठरवलं. गावाच्या ग्रुपवर मतदान घेतलं नाही.

पैशासाठी करतात म्हणाल, तर करतात. मीही बियाणं फुकट वाटत नाही. आणि काकड्याच्या पोराचा आवाज फाटला हेही खरं, मी काही बहिरा नाही.

पण लॅम्बर्ट आधीपासून सांगत आलाय की मी फ्रेडी नाही आणि त्याची जागा घ्यायला आलो नाही. पोस्टरवर नावसुद्धा क्वीन अधिक अ‍ॅडम लॅम्बर्ट असं वेगळं असतं. आमच्या पोरानं तरी दुसरं काय केलं? बुवांची टाळजोडी विठ्ठलापुढं ठेवली आणि स्वतःची साधी जोडी घेऊन उभं राहिलं. बुवा उभे राहायचे त्या जागेपासून दोन पावलं सोडून. हे चाळीस अंगठेवाल्यांपैकी कुणाला दिसलं का? दिसणार कसं, झोपले होते!

जाऊ द्या. बीपीची गोळी घ्यायची राहिलीय.

खरं तर मला आमच्या मृदंगवाल्या तात्यांबद्दल लिहायचं होतं. एकतीस वर्षं बुवांच्या उजव्या हाताला. आज पहाटे धुमाला, म्हणजे मृदंगाच्या मोठ्या तोंडाला, कणीक लावत होते, बोट पाण्यात बुडवून, कडेनं दाबत, जणू रोजच्याच भाकरीचं पीठ. मग गळ्यात मृदंग अडकवला. समेवर आले की तात्यांची मान डावीकडं वळते, बुवांकडं. बुवा मान हलवायचे. आजही वळली. तिथं नुसती सतरंजी. मान परत सरळ झाली आणि हात कुठं चुकला नाही.

संध्याकाळी घरी गेलो त्यांच्या. म्हणलं मन हलकं करावं, त्यांचं का माझं कुणास ठाऊक. ग्रुपवरचं सांगितलं. तात्यांकडं तसला फोनच नाही. ऐकून घेतलं, तंबाखू मळत राहिले. मग म्हणले, "पोराला वर जाताना त्रास व्हायलाय. बुवांची काळी चार त्याला आत्ताच झेपायची नाही. उद्या पांढरी पाचला आणावं म्हणतो."

म्हणजे गाण्याची पट्टी खाली, तर मृदंगही उतरवायला पाहिजे. वाद्यांखालचे लाकडी गट्टे सैल करायला हातोडी काढली, ओसरीवरच बसले. लाईट गेलेली. मी मोबाईलचा टॉर्च धरला. तेवढ्यात ग्रुपवर काकांचा अजून एक मेसेज आलेला दिसला. तो काही उघडला नाही, हात हलला की तात्या ओरडायलेत.