पाण्यावरच्या खोलीचा हिशेब

मालदीवला जावे की न जावे, हा प्रश्न ज्या घरात पडतो त्या घरात त्याचे उत्तर आधीच ठरलेले असते; उरतो तो फक्त हिशेब, आणि तोही असा मांडायचा असतो की शेवटी उत्तर 'जावे' असेच आले पाहिजे. अडचण एवढीच की मुंबईकर माणूस मुळात काटकसरी आहे. दादरच्या भाजीबाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून तो निष्ठेने घासाघीस करतो, आणि त्याच माणसाला एका रात्रीच्या झोपेसाठी 500 डॉलर मोजायचे असतील, तर निदान स्वतःला पटेल असे काहीतरी कारण हाताशी लागते. ते कसे शोधावे याचे मार्गदर्शन मराठीत सहसा कुणी करत नाही, म्हणून हा प्रपंच.

प्रथम, रक्कम रुपयांत कधीही लिहू नये. डॉलरचा आकडा लहान दिसतो, आणि लहान आकड्याशी भांडायला घरातल्या कुणालाच उत्साह राहत नाही. खोलीचे भाडे 500 डॉलर असे दिसले की तेवढेच वाचून पान बंद करावे, कारण खाली बारीक अक्षरांत 10 टक्के सेवाशुल्क असते, भाडे आणि सेवाशुल्क मिळून होणाऱ्या रकमेवर 17 टक्के पर्यटन जीएसटी असतो, आणि त्याखेरीज माणशी दररोज 12 डॉलर हरित कर असतो. दोघांच्या एका रात्रीची ही बेरीज 667 डॉलरच्या वर जाते. हरित कर 2024 अखेरपर्यंत 6 डॉलर होता आणि 2025 च्या जानेवारीत तो दुप्पट झाला, याचे वाईट वाटून घेऊ नये. ज्या देशाची जमीन समुद्रसपाटीपासून सरासरी जेमतेम दीड मीटर उंच आहे, त्या देशापर्यंत विमानाचा धूर सोडत जायचे आणि त्याचे प्रायश्चित्त 12 डॉलरांत उरकायचे, हे आपल्याकडच्या कोणत्याही शांतीपेक्षा स्वस्तच आहे.

मुंबईत पॅकेज घेताना आगाऊ कापला जाणारा टीसीएस नावाचा कर पुढे प्राप्तिकराचे विवरणपत्र भरताना समायोजित होतो किंवा परत मिळतो, ही बाब मात्र हिशेबात ठळक अक्षरांत लिहावी आणि ती रक्कम कमाईच्या बाजूला मांडावी. आपलेच पैसे काही महिन्यांनी आपल्याला परत मिळाल्याचा आनंद मध्यमवर्गाला जितका होतो, तितका पगार झाल्याचाही होत नाही.

यानंतर सीप्लेन येते, आणि इथे भल्याभल्यांचा धीर सुटतो. रिसॉर्ट मालेच्या विमानतळापासून दूर असेल तर तिथे होडीने जाणे सहसा जमत नाही. बहुधा पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने जावे लागते, आणि त्याचे येण्याजाण्याचे माणशी साधारण 400 ते 600 डॉलर पडतात. मुंबईहून मालेला जाण्याच्या तिकिटापेक्षा हा पुढचा तुकडा महाग पडण्याची शक्यता पुरेपूर असते. शिवाय हे विमान अंधार पडल्यावर उडत नाही. त्यामुळे संध्याकाळी पोहोचणारे स्वस्त तिकीट काढून ज्यांनी दोन पैसे वाचवले, त्यांना पहिली रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमालेत, एखाद्या साध्या हॉटेलात, समोरच्या इमारतीतली वाळत घातलेली धुणी पाहत काढावी लागते; म्हणजे कांदिवलीच्या घरातून जे दिसत होते तेच, पण डॉलरमध्ये. सकाळी सीप्लेनच्या काट्यावर सामान चढते. माणशी 20 किलो आणि हातातली पिशवी 5 किलो. त्यावर प्रत्येक किलोला जादा आकार. दिवाळीतला उरलेला चिवडा, भडंग, मेतकुटाची बरणी आणि 'तिथे काही मिळाले नाही तर' म्हणून घेतलेली थालीपिठाची भाजणी यांचे खरे वजन आणि खरी किंमत इथे कळते. पंधराएक आसनांच्या त्या विमानात अनवाणी वैमानिक चढला की मात्र मराठी माणसाला एकदम हायसे वाटते. एवढे पैसे घेऊनही ज्याने चपला बाहेर काढल्या, तो माणूस संस्कारी असणार.

मुंबई विमानतळावरच्या ड्यूटी फ्रीमध्ये घेतलेली बाटली मालेला सीमाशुल्कवाले ठेवून घेतात आणि परतताना पावती दाखवली की देतात, कारण त्या देशात मद्य आणायला बंदी आहे. रिसॉर्टमध्ये ते मिळते. त्याचा भाव वाचताना बसलेले असावे.

एवढे झाल्यावर घरातले ज्येष्ठ विचारतात, "पण तिथे बघण्यासारखं आहे काय?" हा सर्वांत घातक प्रश्न होय, कारण त्याचे प्रामाणिक उत्तर 'काही नाही' असे आहे. एका बेटावर एकच रिसॉर्ट असतो, आणि लहानसे बेट असेल तर जेवण पचायच्या आत चालून संपते. ना देऊळ, ना किल्ला, ना प्रसिद्ध मिसळ. तिसऱ्या दिवशी दुपारी दोघेही जण पाण्याकडे पाहत बसलेले असतात, आणि लग्नाला इतकी वर्षे झाली तरी बोलायला विषय सुचत नाही. अशा वेळी लक्षात ठेवावे की तिसऱ्या दिवसाच्या कंटाळ्याचा दरही पहिल्या दिवसाच्या आनंदाइतकाच असतो, आणि तो आगाऊ भरलेला आहे. बरेच रिसॉर्ट तर मालेच्या वेळेपेक्षा स्वतःचे घड्याळ तासभर पुढे ठेवतात. त्यामुळे भारताच्या अर्धा तास मागे असलेल्या देशात जाऊनही आपण घरच्यांच्या अर्धा तास पुढे जगत असतो. मुंबईत लोकलच्या अर्ध्या मिनिटासाठी जिना धावत उतरणाऱ्या माणसाला ही वेळ कशी खर्च करावी हे समजत नाही, हा त्याचा दोष आहे, घड्याळाचा नव्हे.

पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे वाळू. पिठीसारखी पांढरी, पायांना न चटकणारी. पोपटमासा नावाचा एक रंगीत मासा आहे. तो आपल्या चोचीसारख्या दातांनी मेलेले प्रवाळ कुरतडतो, त्यावरचे शेवाळ पचवतो, आणि उरलेला चुना बारीक करून मागच्या बाजूने सोडून देतो. त्या किनाऱ्यांवरची बरीचशी वाळू अशी तयार झालेली आहे. ही माहिती पुळणीवर पहुडलेल्या जोडीदाराला छायाचित्र काढून होईपर्यंत सांगू नये.

स्वस्त पर्याय सुचवणारे लोक या टप्प्यावर हमखास भेटतात, आणि त्यांचा बंदोबस्त आधीच करून ठेवावा लागतो. त्यांतला सर्वांत धोकादायक इसम तो, जो सांगतो की माफुशीसारख्या वस्तीच्या बेटावर साधे गेस्टहाऊस घ्या. तिथे होडीने जाता येते, लहान गेस्टहाऊसात हरित करही 6 डॉलरच पडतो, सकाळी ट्यूना, खोबरे आणि कांद्याचे 'मासहुनी' गरम पोळीबरोबर मिळते, आणि समुद्र अगदी तोच असतो. त्यातले मासेही रिसॉर्टला बांधलेले नसल्यामुळे दोन्हीकडे येऊन जाऊन असतात. या माणसाचे म्हणणे शब्दशः खरे आहे, म्हणूनच त्याला घरी चहाला बोलावू नये. दुसरा म्हणतो लक्षद्वीपला जा. 2024 च्या जानेवारीत हा सल्ला देशभर देशभक्तीच्या दराने वाटला गेला, आणि तेव्हा कित्येकांनी मालदीवचे बुकिंग रद्द केल्याचे स्क्रीनशॉट जाहीर केले. एकही डॉलर न घालवता मालदीवला जाण्याची ऐपत सिद्ध करण्याची तितकी चांगली संधी पुन्हा आलेली नाही. प्रत्यक्ष लक्षद्वीपला जायला परवाना लागतो, हे कळल्यावर अनेकांची देशभक्ती अर्जाच्या पहिल्या पानावर थबकली. तिसरा म्हणतो कुडाळला उतरा, तारकर्लीला जा, मालवणला मावशी आहेच. मावशीचे घर फुकट असते, तिच्या हातचे तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले कुठल्याही बेटावर मिळणार नाही, आणि ती निघताना वर पिशवीभर आमसुले देते. अशा ठिकाणी गेल्याचे कुणाला सांगून काय उपयोग?

आपण स्वतःच उष्ण कटिबंधातल्या बेटावर राहतो, ही गोष्टही हिशेबाच्या वेळी कुणाला काढू देऊ नये. दमट हवा आहे, नारळ आहेत, सभोवती पाणी आहे आणि पावसाळ्यात हिंदमाताला मधोमधही पाणी असते. मुंबईच्या या बेटांचा खर्चाच्या अंगाने विचार एकाने केला होता. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला पोर्तुगीज राजकन्येशी झालेल्या 1661 च्या विवाहकराराने मुंबई हुंड्यात मिळाली. बसल्याजागी मिळालेला समुद्रकिनारा. पण हा गृहस्थ जमाखर्च घेऊन बसला, ही मालमत्ता परवडत नाही असे त्याने ठरवले, आणि 1668 मध्ये वर्षाला 10 पौंड भाड्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन मोकळा झाला. तेवढ्या भाड्यात आज माहीमला वर्षभर स्कूटर लावायला कुणी जागा देणार नाही.

तारखांविषयी थोडेसे. कोरडे, निळे, छायाचित्रांतले मालदीव डिसेंबर ते एप्रिल असते आणि भाडेही तेव्हाच कडाडते. नाताळ आणि 31 डिसेंबरला तर मेजवानीचे वेगळे पैसे अनेक ठिकाणी सक्तीने घेतात. मुलांच्या शाळेला सुट्टी मे महिन्यात, आणि तिथला नैर्ऋत्य मोसमी पाऊसही त्याच सुमारास सुरू होतो, त्यामुळे भाडे उतरते. म्हणजे मुंबईत जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जो पाऊस खिडकीतून फुकट दिसणार, तोच पंधरा-वीस दिवस आधी, पाण्यावरच्या खोलीत बसून, सवलतीच्या दरात पाहता येतो. ज्यांना सगळ्यांच्या आधी सगळे लागते, त्यांनी मे निवडावा.

परतल्यावर 'किती लागले' हे विचारले जाईलच, तेव्हा आकडे तयार असावेत. आईला एका माणसाचे, एका रात्रीचे, कर वगळून सांगावे, आणि तरी ती "एवढे?" म्हणेल तेव्हा 'ऑफर होती' असे म्हणावे. कचेरीत दोघांचे, चार रात्रींचे, सीप्लेनसकट आणि रुपयांत सांगावे. मेहुण्याला काहीच सांगू नये. तो स्वतः शोधून काढतो आणि आपल्याला मिळाले त्यापेक्षा स्वस्त कुठे मिळत होते तेही सांगतो. सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टमध्ये रापलेला चेहरा पाहून चौकशी करतील, तर या तिमाहीचा मेन्टेनन्स भरलेला आहे का ते आठवावे आणि नसल्यास गावी जाऊन आलो असे सांगावे.