खाली उतरून तर बघा

दिवसभर गप्प बसले. पाहुणे, त्यातून नवऱ्याचे कॉलेजपासूनचे मित्र, म्हणून तोंडातून शब्द काढला नाही. आता सगळे झोपलेत, तर लिहून टाकते. नाहीतर मला झोप लागायची नाही.

झालं असं, की आज सगळ्यांना घेऊन फ्रान्सच्या नैऋत्य किनाऱ्यावरच्या बियारित्झला गेलो होतो. बोर्दोहून गाडीने दोन-सव्वादोन तास. मी आठवडाभर सांगत होते की मिलादीच्या किनाऱ्याजवळ समुद्राचं आणि सर्फिंगचं संग्रहालय आहे, सिते द लोसेआं, ते बघायचंच. पोचलो. गाडीतून उतरलो. रस्त्यावर उभं राहून एकाने पाहिलं आणि म्हणाला, "हे? हा तर काँक्रीटचा बाथटब आहे." दुसरा म्हणाला, बांधकाम अर्धवट सोडलंय की काय. तिसरीने विचारलं आत मासे आहेत का, नाहीत म्हटल्यावर ती परत गाडीत जाऊन बसली. दहा मिनिटं. बरोबर दहा मिनिटं थांबलो आम्ही तिथे. मग ओतेल द्यु पाले या महालासारख्या जुन्या हॉटेलसमोर दीड तास फोटो काढले.

मला राग इमारत आवडली नाही म्हणून नाही आला. न आवडू दे. पण खाली उतरून तर बघा! ती इमारत रस्त्यावरून दिसण्यासाठी बांधलेलीच नाही. वरचा सगळा भाग म्हणजे एक खोलगट चौक आहे, मोठ्या बशीसारखा. तुम्ही त्यात चालत जायचं. दोन्ही बाजूंच्या कडा वर वळत जातात, शेजारची घरं, गाड्या, विजेचे खांब हळूहळू आड होतात आणि समोर उरतं फक्त क्षितिज आणि आभाळ. आणि तोच उतार खालून, संग्रहालयाच्या आत, छत होऊन डोक्यावर पोटासारखा फुगून येतो. म्हणजे वर आभाळाखाली, आत समुद्राखाली. वास्तुकार स्टीव्हन हॉल आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या सोलांज फाबियाओ यांनी नेमकी हीच कल्पना मांडली होती, स्पर्धा जिंकली आणि २०११ साली ते उघडलं. हे समजायला वास्तुशास्त्राची पदवी लागत नाही. पन्नास पावलं चालावं लागतं, बस.

माझ्या बाबांनी ती पन्नास पावलं गुडघ्याला पट्टा बांधून टाकली होती.

तीन वर्षांपूर्वी ते इकडे आले होते, तेव्हाची गोष्ट. बाबांनी आयुष्यभर सेंटरिंग-शटरिंगची, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा उभारायची कामं घेतली. फळ्या, टेकू, सळ्या, स्लॅब यातच चाळीस वर्षं गेली. पॅरिसमध्ये त्यांना फिरवलं, तर सगळीकडे "छान आहे" एवढंच. मी हिरमुसले होते. बियारित्झला आणलं तेव्हाही फार अपेक्षा नव्हती. तर हे रस्त्यावरच थांबले. काही बोलेनात. मग सरळ भिंतीपाशी गेले आणि तळहात फिरवला, गाय विकत घेताना तिच्या पाठीवरून फिरवतात तसा. म्हणाले, "पोरी, याला रंग दिलेला नाही. मालच पांढरा आहे." खरंच आहे ते. दक्षिण फ्रान्समधली खडी वापरून पांढरंच काँक्रीट ओतलंय, आणि त्याचा पृष्ठभाग खरबरीत ठेवलाय. मग ते कडेचा बाक, तिचं ते वर वळत जाणं, बघत राहिले, एक डोळा मिटून. "इथं ओळंब्याचं काम नाही. याचं शटरिंग ज्यानं बांधलं ना, त्या सुताराला भेटव मला."

त्या सुताराला! मला आजही हे आठवलं की गळ्याशी येतं. अख्ख्या प्रवासात बाबांनी पहिल्यांदा कुणाला तरी भेटायचं म्हटलं होतं.

तर सांगायचं म्हणजे, आज त्याच जागी उभं राहून कुणीतरी "बाथटब" म्हणालं. मला तो शब्द लागला, तो का लागला हे गाडीत बसून कुणाला सांगणार होते मी?

आणि ओतेल द्यु पाले. सुंदर आहे, नाही कोण म्हणतंय. पण "बघ, जुनं ते जुनं, राणीचा महाल आहे" असं म्हणत जो फोटो काढला, तो महाल राणीच्या काळचा जसाच्या तसा नाही. सम्राट तिसऱ्या नेपोलियनने आपल्या राणीसाठी, युजेनीसाठी, १८५४-५५ मध्ये जो बांधला तो १९०३ साली जळाला. आज दिसतो तो बराचसा त्यानंतर उभा केलेला. त्या किनाऱ्यावरचा कॅसिनो १९२९चा, आर्ट डेको या तेव्हाच्या नव्या शैलीतला. खडकावरचा विला बेल्झा हा बंगला मध्ययुगीन किल्ल्यासारखा दिसतो, पण तोही एकोणिसाव्या शतकातला. बियारित्झ हे मुळात देवमासे मारणाऱ्या कोळ्यांचं गाव, गावाच्या चिन्हावर आजही ती होडी आहे. मग त्या गावात महाल तरी कुठे शोभत होता? प्रत्येक पिढीने आपापल्या हौसेचं काही ना काही तिथे आणून ठेवलं. आमच्या पिढीने लाटेवर उभं राहणाऱ्यांसाठी एक चौक ठेवला, तर तेवढं मात्र डोळ्यांत खुपतं.

सर्फिंग तरी तिथे कुठून आलं? हॉलिवूडचा पटकथालेखक पीटर व्हिएर्टेल १९५७च्या सुमारास एका चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी त्या भागात आला, लाटा पाहिल्या आणि कॅलिफोर्नियाहून फळी मागवली. तिथल्या पोरांनी ती बघून स्वतःच्या फळ्या बनवल्या. कोत दे बास्कच्या किनाऱ्यावर आज सत्तरीतले म्हातारे लांब फळ्या काखेत घेऊन पाण्यात उतरतात. हे सगळं काही काचेच्या कपाटात मांडता येत नाही. त्याला जागाच अशी हवी, की जिथे पायाखालची जमीन लाटेसारखी वाकलेली आहे. चौकाच्या एका कोपऱ्यात स्केटबोर्डसाठी खड्डा आहे, तो उगीच आहे का? पोरं तिथे दिवसभर घसरत असतात. संग्रहालयाच्या टपावर!

बरं, मासे. मासे तिकडे गावात, रोशे द ला व्हिएर्ज या खडकाच्या समोरच्या जुन्या मत्स्यालयात आहेत. तिथे जा की.

हो, मान्य आहे, आतली मांडणी मलाही थोडी जत्रेतल्या खेळांसारखी वाटली. मान्य आहे, गावापासून ते जरा लांब आहे, लोक जितके यायला हवे होते तितके येत नाहीत आणि पैशांवरून तिथे बरीच ओरड झाली. नावातला "सर्फ" हा शब्दही नंतर गळाला, त्याचं मला खरोखर वाईट वाटतं. पण हे सगळे हिशेब त्या उताराच्या माथी का मारता? प्रदर्शन उद्या बदलता येईल. तो बाक परत कुणी ओतणार नाही.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. खरं सांगू का, मित्रमंडळी वाईट नाहीत. लांबून आलेली, थकलेली, त्यात वारा मरणाचा होता आणि पाऊस येऊ घातला होता. मीच आधी नीट सांगायला हवं होतं, हात धरून खाली न्यायला हवं होतं. बाबांना मी हात धरूनच नेलं होतं.

त्या दिवशी आम्ही दोघं चौकाच्या मध्यावर जाऊन खाली बसलो होतो, दगडांवरच. तिथे छोट्या चौकोनी दगडांची फरशी आहे, पोर्तुगालमध्ये रस्त्यांना असते तशी, आणि समुद्राकडे जाताना दगडांच्या सांध्यांतून गवत येत जातं. बाबांनी बोटाने एका सांध्यातली माती उकरून बघितली. चौकावर काचेचे दोन मोठे ठोकळे आहेत, एकात उपाहारगृह, दुसरा सर्फिंगवाल्यांसाठी. समुद्रात पुढे दोन प्रचंड खडक दिसतात, त्यांचे हे भाऊबंद. मी सांगितलंसुद्धा नव्हतं. बाबांनीच एकदा काचेकडे, एकदा खडकांकडे बोट केलं आणि मान हलवली.

मग म्हणाले, "सगळं झ्याक आहे. पण एवढ्या मोठ्या बशीत पाऊस पडला, तर पाणी कुठं काढलंय?"

मला माहीत नव्हतं. बाबा उठले आणि गुडघा धरून सगळा चौक फिरले, सगळ्यात खालची जागा शोधत. एक स्केटबोर्डवाला पोरगा थांबून बघायला लागला. त्याला वाटलं आजोबांचं काहीतरी हरवलंय, तोही खाली वाकून शोधू लागला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. बाबांनी हाताने पाऊस करून दाखवला, मग तळहाताची वाटी केली, मग प्रश्नार्थक बोटं. पोरगा हसला, त्यानेही खांदे उडवले. तरी दोघं बराच वेळ वाकून फिरत होते.

संध्याकाळी गाडीत बाबांनी तिकिटाच्या मागे पेन्सिलीने त्या चौकाचा छेद काढला. एकच वाकडी रेघ, दोन टोकांना दोन छोटे बाण, आणि तळाशी प्रश्नचिन्ह. ते तिकीट माझ्या पाकिटात आहे. आज ते काढून सगळ्यांना दाखवायचं, असं ठरवून नेलं होतं, ते तसंच परत आलं.

बाबा आता एवढा प्रवास करू शकत नाहीत. पण रविवारच्या फोनवर अजून मध्येच विचारतात, "त्या बशीचं पाणी बघितलंस का गं?" आणि मी दरवेळी म्हणते, नाही बाबा, जाईन.

पुढच्या शनिवारी पावसाचा अंदाज आहे. मी एकटीच चाललेय, छत्री आणि ते तिकीट घेऊन. कुणाला यायचं असेल तर सांगा, गाडीत तीन जागा आहेत. फक्त रस्त्यावर उभं राहायचं नाही.