जवळच्यांशीच जोडणी, मग अर्धवर्तुळ कुठून येणार?

‘ग्राफ मोठा आणि यादृच्छिक असला की त्याच्या मॅट्रिक्सची आयगेनमूल्यं विग्नरच्या अर्धवर्तुळातच बसतात, असे ग्राफ उत्तम एक्स्पांडर असतात, बिंदू वाढवले की भूमिती पुसली जाते.’ हे विधान बरंच फिरतंय. ग्राफ म्हणजे बिंदू आणि त्यांच्यातल्या जोडण्या, मॅट्रिक्स म्हणजे कोण कुणाशी जोडलंय याचा ०-१ चा तक्ता. प्रत्येक बिंदूला एक आकडा द्या, मग प्रत्येकाच्या जागी त्याच्या शेजाऱ्यांच्या आकड्यांची बेरीज लिहा. आकड्यांचा नमुना तोच राहून फक्त काही पट झाला, तर ती पट म्हणजे आयगेनमूल्य. ही मूल्यं कुठे किती दाटतात याचा आलेख अर्धवर्तुळासारखा दिसला, तर ते विग्नरचं अर्धवर्तुळ. आणि एक्स्पांडर म्हणजे कुठूनही कुठेही मोजक्या उड्यांत पोचता येणारा, घट्ट विणलेला ग्राफ. एर्डश-रेन्यी ग्राफ पुरेसा दाट असेल, तर पहिले दोन दावे मान्य. तिथे कुठलेही दोन बिंदू जोडायचे की नाही हे ठरवायला प्रत्येक जोडीसाठी वेगळं नाणं उडतं. पण गिल्बर्टने १९६१ साली मांडलेल्या भौमितिक ग्राफमध्ये नशिबाचा खेळ बिंदूंच्या जागा ठरेपर्यंतच. पुढे ठरावीक त्रिज्येच्या आतले बिंदू जोडायचे, बस्स.

आधी अर्धवर्तुळ. ते शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखं, म्हणून घनांची सरासरी शून्य. इकडे आयगेनमूल्यांच्या घनांची बेरीज म्हणजे त्रिकोणांच्या संख्येची सहापट! सपाटीवर एखाद्या बिंदूचे दोन शेजारी एकमेकांचेही शेजारी असण्याची शक्यता सुमारे ५९ टक्के, त्रिज्या कितीही घ्या. एवढे त्रिकोण असताना आयगेनमूल्यांचा आलेख एका बाजूला कलणारच.

शिवाय उणे १ वर आयगेनमूल्यांचा ढीग साचतो, आणि मला सगळ्यात आवडतो तो हाच. दोन बिंदू इतके लगटून पडले की त्यांचे बाकीचे शेजारी तेच. एकाला १ द्या, दुसऱ्याला उणे १, इतरांना शून्य. तिसऱ्या कुणाकडेही पाहिलं तर दोन्ही एकमेकांना खोडतात. या दोघांवर मात्र चिन्ह उलटतं. झालं, आयगेनमूल्य नेमकं उणे १.

एक्स्पांडरचं म्हणाल तर आकडेच बघा. १ परिघाच्या वर्तुळावर १००० बिंदू टाका, ०.०५ पेक्षा जवळचे जोडा. सरासरी शेजारी १००. सगळ्यात मोठं आयगेनमूल्य १०० च्या आसपास, आणि त्याला खेटूनच साधारण ९८ ची दोन, मग ९३-९४ ची दोन. तेवढ्याच जोडण्यांच्या एर्डश-रेन्यी ग्राफमध्ये १०० नंतर थेट १९ च्या आसपास उडी. एक्स्पांडरला हवी ती पहिल्या आणि दुसऱ्या मूल्यातली हीच फट. वर्तुळावर समोरच्या टोकाला जायचं तर शेजाऱ्या-शेजाऱ्यातून सरपटतच जावं लागतं, त्याला इलाज नाही.

उरली पुसली जाणारी भूमिती. वरच्याच वर्तुळावर त्रिज्या तीच ठेवून बिंदू वाढवा: बिंदूसंख्येने भागलेली आयगेनमूल्यं जोडणीच्या नियमाच्या फूरिये सहगुणकांकडे (तो नियम कुठल्या लहरी किती प्रमाणात मिसळून बनतो, ते सांगणाऱ्या आकड्यांकडे) सरकतात. म्हणजे भूमिती आणखी ठळकच झाली. ती पुसते मिती, म्हणजे बिंदू जिथे पसरलेत त्या जागेतल्या स्वतंत्र दिशांची संख्या, वाढवल्यावर. बुबेक, डिंग, एल्डान आणि राट्स यांनी २०१६ मध्ये दाखवलं की गोलावरच्या दाट ग्राफमध्ये मिती बिंदूसंख्येच्या घनापेक्षा खूप मोठी झाली, तरच तो एर्डश-रेन्यीपासून वेगळा ओळखता येत नाही.