मालकिणीचं उत्तर : लेकरांच्या डब्यातल्या भाकरीबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल रात्री मुलीनं वाचून दाखवला. एक तारा दिला तुम्ही. मंगळवारी डबा पाऊण तास उशिरा आला, भाज्यांत तेल फार, चार जणांचे आठवड्याचे १,९६० रुपये म्हणजे शहराचे भाव, आणि शेवटी लिहिलं की ‘लो-कार्ब म्हणून पैसे घेतले आणि लेकरांच्या डब्यात भाकर अन् वरणभात भरला, ही सरळ फसवणूक आहे.’

उशिराबद्दल मी मनापासून माफी मागते. संध्याकाळी साडेपाचला लाइन गेली, मिक्सर बंद पडला, वाटण पाट्यावर करावं लागलं. तरी तुम्हाला फोन करून सांगायला पाहिजे होतं, ते माझ्याकडून राहिलं. घरी लहान लेकरं जेवायची खोळंबली होती हे कळल्यावर मला वाईट वाटलं. तेलाचंही मान्य. तर्रीशिवाय रस्सा आवडत नाही अशी गिऱ्हाईकं इथं जास्त, त्या सवयीनं हात सैल सुटतो. आता जपून घालीन.

पण ‘फसवणूक’ या शब्दावर मला बोलावंच लागेल. ही मेस मी एकटी चालवते, पोरगा मोटरसायकलनं डबे पोचवतो. गावात आणि आजूबाजूच्या चार खेड्यांत हा अभिप्राय लोक वाचतात. शाळेतल्या एका मॅडमनी आज सकाळीच विचारलं, ‘काकू, हे काय लिहिलंय?’

ताई, भाकर चुकून गेली नाही आणि लपवूनही गेली नाही. रविवारी तुम्ही डबा लावला तेव्हा मी विचारलं होतं की लेकरं किती वर्षांची. दोघंही सहाच्या आतली, असं तुम्ही सांगितलं. मग मी कळवलं की मोठ्यांच्या डब्यात भाकर-भात नसेल, लेकरांच्या डब्यात थोडा असेल, चालेल का? त्यावर तुमचं उत्तर आलं, ‘लेकरांचं तुम्हीच पाहा काकू, मला काही सुचत नाही.’ तो मेसेज तुमच्याही फोनात असेल. तुमच्या आणि दादांच्या डब्यात पाच दिवसांत भाताचं एक शीत नव्हतं. भरीत होतं, अंड्याचा रस्सा होता, पनीर होतं. अंबाडीच्या भाजीत आपल्याकडे धान्याच्या कण्या घालतात, त्या मी काढल्या आणि त्याऐवजी फल्लीचा, म्हणजे शेंगदाण्याचा, कूट वाढवला. पाटवडीच्या दिवशी मोजून चार-चार वड्या दिल्या, कारण बेसनातही निम्म्याच्या आसपास कर्बोदकंच, म्हणजे तुमचे ते कार्ब, असतात. ‘चार वड्यांत काय होतं’ असं दादा त्या दिवशी पोराला म्हणाले, तेव्हाही मी वाढवल्या नाहीत. फसवायचंच असतं तर बेसन पनीरपेक्षा स्वस्त पडतं, मी ताट भरून वड्या दिल्या असत्या.

आता लेकरांचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली आहाराचं प्रमाण काढलं, त्यात एक वर्षाच्या पुढच्या लेकराला दिवसाला १३० ग्रॅम कर्बोदकं सांगितली आहेत. माझी मुलगी गृहविज्ञान शिकते, तिनं तो तक्ता छापून आणला. माझ्या चुलीमागच्या भिंतीवर चिकटवलेला आहे, कधीही येऊन पाहा. तुमच्या एका लेकराच्या डब्यात ४० ग्रॅम पिठाची एक लहान भाकर आणि २५ ग्रॅम तांदळाचा भात असायचा. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण ६८ ग्रॅम कर्बोदकं आणि तांदळात ७८, म्हणजे दोन्ही मिळून ४७ ग्रॅमच्या आसपास झाली. वरणातली थोडी वेगळी. दिवसभराच्या गरजेचा तिसरा हिस्सा, तोही रात्रीच्या एका जेवणात. हे जास्त आहे का, तुम्हीच सांगा.

तुम्ही लिहिलं की ‘भाकर द्यायचीच होती तर निदान लो-कार्ब भाकर द्यायची.’ ताई, तशी भाकर नसते. २०२३ हे भरडधान्य वर्ष झालं तेव्हापासून ज्वारी म्हणजे वजन उतरवायचं औषध असं लोकांच्या मनात बसलंय. पण कर्बोदकांत गहू आणि ज्वारी जवळजवळ सारखीच. ज्वारी चांगली आहे, मी स्वतः तीच खाते, पण ज्याला कार्ब कमी करायचे त्यानं भाकरी मोजूनच खावी लागते. दुसऱ्या मेसवाल्यांसारखं ‘ज्वारी आहे, बिनधास्त खा’ असं मी कोणत्याही गिऱ्हाइकाला सांगत नाही.

हे मी पुस्तकातून शिकून बोलत नाही. २०१७ च्या दिवाळीत आमच्या ह्यांना साखर निघाली. डॉक्टरांनी त्यांची भाकर कमी करायला सांगितली आणि मी सगळ्या घराचीच बंद केली. एकाच चुलीवर दोन स्वैपाक कोण करणार, असं वाटलं. धाकटा तेव्हा पाच वर्षांचा होता. महिनाभर तो संध्याकाळ झाली की चिडचिड करायचा, जेवता जेवता झोपायचा. एका रात्री उठून पाहते तर गुळाच्या डब्यात हात घालून बसलेला. मला पाहून दचकला. माझी नणंद अंगणवाडी सेविका आहे, तिनं येऊन मला झापलं की आजार बापाला आहे, उपास लेकराला कशाला? तेव्हापासून माझ्या हातानं कोणत्याही लेकराच्या ताटातून भाकर निघालेली नाही. मिरगीच्या, म्हणजे फिट येण्याच्या, आजारात काही लेकरांना जवळजवळ बिनधान्याचा आहार देतात हे मला माहीत आहे. पण तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ग्रॅम-ग्रॅम मोजून देतात. मेसच्या डब्यातून ते करायची माझी हिंमत नाही आणि कोणी चौपट पैसे दिले तरी मी करणार नाही.

म्हणून मी एकच स्वैपाक करते आणि त्यातून दोन प्रकारचे डबे काढते. तिखट पडायच्या आधी लेकरांचा वाटा बाजूला निघतो. तेच भरीत, पण त्यांच्यात मिरची नाही, दही जास्त. तेच अंडं, पण रश्शाऐवजी वरणासोबत. धाकट्याची भाकर वरणात कुस्करून द्या असं मी पोराकडून सांगून पाठवत होते. फल्लीदाणे अख्खे देत नाही, एवढ्या लहान लेकराच्या घशात अडकतात, म्हणून कूटच. या सगळ्याला वेळ लागतो ताई. बारा घरांचे डबे असतात, त्यात लेकरांचे सात. आणि तुमच्या लेकरांचे डबे पाचही दिवस पुसून घेतल्यासारखे रिकामे परत आले. ‘मुलांनी हात लावला नाही’ असं तुम्ही लिहिलं, ते वाचून मला सगळ्यात जास्त लागलं.

भावाचंही सांगते. मोठ्यांचा डबा ९० आणि लेकराचा ५०, दिवसाचे २८० झाले. साधा भाकर-भाताचा डबा मी ७० ला देते. वरचे वीस रुपये भाजीत जातात. आमचा हा खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी खारं, भाजीपाला बाहेरून येतो आणि उन्हाळ्यात भेदरं-सांभाराचेही (टमाटे-कोथिंबिरीचेही) भाव विचारायची सोय राहत नाही. धान्य घरचं आहे, ते स्वस्त. धान्य काढून ताट भाजी, अंडी, पनीरनं भरायचं म्हटलं की खर्च वाढतो. तुम्ही घरी करून पाहिलं तर तुम्हालाही तेच दिसेल.

एक चूक मात्र माझी आहेच. पाटीवर आणि ग्रुपवर मी ‘फॅमिली लो-कार्ब डबा, ४ जण’ एवढंच लिहिलं होतं. वाचणाऱ्याला वाटणारच की चौघांचंही तसंच असेल. ते बदलून घेते, मोठ्यांचं आणि लेकरांचं वेगळं लिहून. उशिराचंही काहीतरी करते, इन्व्हर्टरचं बोलणं चालू आहे.

तुम्ही शुक्रवारनंतर डबा बंद केला. उरलेल्या दोन दिवसांचे ५६० रुपये मी काढून ठेवले आहेत, पोरगा उद्या संध्याकाळी घेऊन येईल. माझे दोन लहान डबे तुमच्याकडे राहिले आहेत, झाकणावर लाल ठिपका असलेले. ते त्याच्याजवळ द्या. आणि त्या दिवशी भरताच्या डब्यावर धाकट्यानं खडूनं काढलेलं फूल मी अजून पुसलेलं नाही, एवढं त्याला सांगा.

तुमची,
मेसवाली काकू