'ग्विन्याद'मध्ये वरुणाचा 'यादस्' शोधू नका

एका माशाच्या नावाबद्दलचा एक फॉरवर्ड तीन गटांतून आला, तरी मी गप्प होतो. काल मात्र आत्याने फोन करून तो अख्खा फॉरवर्ड वाचून दाखवला. वर, "बघ, मी म्हणत नव्हते?" आत्याने आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवलं, त्यामुळे तिच्याशी वाद घालायचा तर तयारीनेच जायला हवं.

फॉरवर्डचं म्हणणं असं: वेल्समधल्या एका तळ्यात हिमयुगापासून अडकलेला 'ग्विन्याद' नावाचा पांढरट चंदेरी मासा आहे. हे नाव संस्कृत 'श्वेत-यादस्'वरून आलं. इंग्रजीतला हा एकमेव बिनस्वरांचा शब्द. मासा जगात त्या एकाच तळ्यात सापडतो. आणि दुसऱ्या तळ्यात सोडून त्याचा वंश वाचवला, तेव्हा तुम्हीही घरचे मासे नदीत सोडा, पुण्य लागेल.

बिनस्वरांचं आधी उडवून टाकू. जी-डब्ल्यू-वाय-एन-आय-ए-डी. आय आणि ए दिसत नाहीत? पुढे.

आता 'यादस्'. गीतेच्या दहाव्या अध्यायात 'वरुणो यादसामहम्' आहे, यादस् म्हणजे जलचर, इथवर बरोबर. पण म्हणून वेल्श शब्दाचं शेपूट धरून त्याला वरुणाकडे ओढत न्यायचं? वेल्स विद्यापीठाचा शब्दकोश नेटवर फुकट आहे. 'ग्विन' म्हणजे पांढरा, 'याद' हा प्रत्यय. पांढुरका, झालं. कोवळ्या सामन माशाला तिथे 'ग्लेश्याद' म्हणतात. 'ग्लास' म्हणजे निळा, त्याला तोच प्रत्यय. ट्राउटचं नाव 'ब्रीथ' म्हणजे ठिपकेदार यावरून. रंग बघून माशाला हाक मारायची, इतकं साधं आहे ते. आणि 'याद' म्हणजे जलचर धरलं, तर वेल्शमधलं प्रेम (कार्याद) आणि पुरोहित (ओफेइर्याद) दोघांनाही पाण्यात सोडावं लागेल.

'ग्विन' म्हणजे 'श्वेत' हेही नाही. वेल्शमधला सुरुवातीचा 'ग्व' जुन्या 'व'पासून आला. त्याचं मूळ रूप 'विंदो'. व्हिएन्नाचं जुनं नाव विंदोबोना, त्यातलं. 'श्वेत'चं इंग्रजीतलं भावंड आहे 'व्हाइट'. आत्याला एवढं देतो, नाइलाजाने: वेल्श आणि संस्कृत एकाच मोठ्या भाषाकुळातल्या आहेत. वेल्शमध्ये विधवेला 'ग्वेदू' म्हणतात, पुरुषाला 'गूर', आणि तो आपल्या 'वीर'चा भाऊ. पण चुलत बहिणीला आई म्हणायचं नसतं.

हिमयुगाचं खरं आहे. सुमारे 10,000 वर्षांपूर्वी बर्फ हटला आणि हा मासा बाला गावाजवळच्या लिन तेगिद तळ्यात राहून गेला. 'एकाच तळ्यात' हे मात्र शिळं झालं. 2003 ते 2007 या काळात त्याची अंडी जवळच्याच लिन आरेनिग फाउर तळ्यात नेऊन सोडली.

ती का न्यावी लागली, हे फॉरवर्डने गाळलंय. 1980च्या दशकात लिन तेगिदमध्ये 'रफ' नावाचा उपरा मासा आला, बहुधा गळाला लावायला आणलेल्या जिवंत आमिषातून. ग्विन्याद हिवाळ्यात उथळ पाण्यातल्या खडीवर अंडी घालतो आणि रफ ती खातो. त्यात शेतांतून वाहून येणाऱ्या खतांमुळे शेवाळ माजतं आणि खोल पाण्यातला प्राणवायू कमी होतो. म्हणजे कुणीतरी मासा सोडला म्हणून हा संकटात आला, आणि आपला फॉरवर्ड म्हणतो, मासे सोडा! अंडी हलवणारी माणसं अभ्यास करून, दुसरं तळं पारखून गेली होती. बादली घेऊन पुलावर उभी राहिली नव्हती.

बादलीचं सांगायचं कारण, आत्याच्या नातवाकडे काचेच्या टाकीत एक सकर मासा आहे. टाकी साफ ठेवायला बोटाएवढा आणला, आता वीतभर झालाय. हेच सकर आपल्या नद्या-धरणांत जाळ्यात सापडायला लागलेत, त्यांच्या काट्यांनी जाळी फाटतात. फॉरवर्ड वाचून रविवारी त्याला नदीत सोडायचं ठरलं होतं.

मी सगळं ऐकवल्यावर आत्या थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पण यादस् म्हणजे जलचर, हे तर बरोबर ना?" बरोबर, म्हटलं. सकरची बादली सध्या तिच्या न्हाणीघरात, पाटाखाली झाकलेली आहे. कुणाला मोठी टाकी द्यायची असेल तर बघा.