उंदीर, कुत्रे आणि नानांची सिगारेट

गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक लांबलचक मेसेज फिरला. सार असं: रेडॉन या किरणोत्सारी वायूने फुप्फुसाचा कॅन्सर होतो हे फक्त उंदरांवर दिसलंय, तेही अचाट डोस देऊन, उलट सिगारेटचा धूर घेणारी कुत्री वाचली, आणि काळ्या दगडाच्या नाशकात रेडॉन नसतोच. तळमजल्यावरचे नाना फोन घेऊन वर आले. ‘‘मास्तर, वाचलंत का? धूर राखतो म्हणे!’’ दुसऱ्या हातात पाकीट होतंच. म्हणून हे लिहायला बसलो.

‘फक्त उंदरांवर.’ क्रम उलटा आहे, आधी माणसं मेली. जर्मनीतल्या श्नेबर्गच्या खाणकामगारांचा जुना ‘खाणीचा आजार’ म्हणजे फुप्फुसातली गाठ, हे हार्टिंग आणि हेस्से यांनी 1879 मध्ये मांडलं. तेव्हा रेडॉनचा शोधही लागला नव्हता! पुढे युरेनियमच्या खाणींत तेच दिसलं. उंदरांवरचे मोठे प्रयोग त्यानंतरचे. 1988 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने रेडॉनला कर्करोगकारक ठरवलं, तेव्हा माणसांमधला पुरावाही पुरेसा मानला होता.

‘अचाट डोस.’ हे निम्मं खरं. बऱ्याच प्रयोगांतले डोस घरातल्यापेक्षा कितीतरी जास्त होते, आणि एकूण डोस कमी असताना तो सावकाश दिला तर उंदरांत गाठी कमी झाल्या. मान्य. पण घरातल्या धोक्याचा आकडा उंदरांवरून काढलेला नाही. 2005 मध्ये युरोपातले 13 अभ्यास एकत्र केले गेले. 7 हजारांवर रुग्ण, त्यांच्या घरांत मोजलेला रेडॉन. हवेत घनमीटरमागे 100 बेकरेल (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) वाढले की धोका साधारण 16 टक्क्यांनी चढतो.

आता कुत्री. मेसेजमधला सगळ्यात चलाख मुद्दा हाच, कारण प्रयोग खरा आहे. अमेरिकेत बीगल कुत्र्यांना रेडॉनसोबत सिगारेटचा धूर दिला, तर त्यांच्यात गाठी कमी निघाल्या. संशोधकांना वाटलं, धुराने श्वासनलिकेतला चिकट थर जाड झाला असावा. रेडॉनपासून बनणारं पोलोनियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य त्या थरावर बसतं आणि त्यातून सुटणारे, पेशींना इजा करणारे अल्फा कण ऊतीत मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकेही आत जात नाहीत. थर जाड, तर खालच्या पेशी वाचतात. पण फ्रान्समध्ये उंदरांना आधी रेडॉन आणि मग धूर दिला, तेव्हा गाठी वाढल्या. ते मेसेजमध्ये नाही. आणि माणसाचं काय? त्याच युरोपीय आकड्यांनुसार, रेडॉन नसताना पंचाहत्तरीपर्यंत सिगारेट न ओढणाऱ्या हजारांत 4 जणांना हा कॅन्सर होतो. 400 बेकरेलला 7. ओढणाऱ्यांत तेच आकडे 100 आणि 160. नाना बीगल नाहीत.

‘नाशकात नसतोच.’ रेडॉन बनतो दगडातल्या युरेनियमपासून. आपल्या काळ्या दगडात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, ते ग्रॅनाइटपेक्षा बरंच कमी, म्हणून इथे घाबरायचं कारणही कमी. पण ‘नसतोच’ कसा? तो जमिनीतून, फरशीच्या फटींतून वर येतो आणि बंद खोलीत साठतो. नानांची खोली तळमजल्यावर, आणि थंडीत खिडक्यांना रात्रंदिवस कडी. दिवसा तासभर तरी उघडत जा, म्हटलं.

‘‘डास येतात हो,’’ नाना म्हणाले.